छताला स्पंज मारताना

बापू, बुटीबोरीत घर झालं, आता हॉलच्या छताला स्पंजचं डिझाइन करायचं म्हणतोस. कर. पण रंगाच्या दुकानात जाण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन ये. स्लॅबला भेग असेल, पाणी थांबत असेल, तर खालचा भारीतला भारी रंगसुद्धा एका पावसात फुगतो. ओलीचे जुने पिवळे डाग नुसत्या इमल्शनने झाकत नाहीत, दोन हात दिले तरी वर येतात. गच्ची आधी दुरुस्त कर, डाग वाळू दे, मग त्यावर ऑइल प्राइमर.

उन्हाळ्यात हे काम काढूच नको. २०१३च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. स्लॅब तापला की रंग लावता लावता वाळतो आणि प्रत्येक ठशाची कड उठून दिसते. मग आपली पोट्टी कूलर लावतात, तो ओली हवा फेकतो, तेव्हा रंग वाळता वाळत नाही. पाऊस गेल्यापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. एमआयडीसीतून शिफ्ट करून आल्यावर ट्यूबच्या उजेडातही करू नको. दिवसा दिसतो तोच खरा रंग.

लांबी, प्राइमर, मग पांढऱ्या बेसचे दोन हात, आणि एक पूर्ण रात्र वाळू दे. वरचा रंग शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरचा, एक-दोन घरं गडद. निळ्यावर सोनेरी वगैरे भिंतीला खपून जातं. दहा फुटांच्या खोलीत असलं छत डोक्यावर बसतं. लांबीची बारीकसारीक लहर लपते, मला तर स्पंजचा मोठा उपयोग हाच वाटतो. वरचा सगळा रंग एकदाच कालव. स्टेनर टाकून पुन्हा तीच शेड पेंटरलाही जमत नाही.

समुद्री स्पंज मिळाला तर सोनं. नाही मिळाला तर गाडी धुण्याचा घे आणि त्याच्या कडा बोटांनी खुडून टाक. सरळ कडेचा एक चौकोनी ठसा पडला की डोळा तिथंच अडकतो. स्पंज पाण्यात बुडवून घट्ट पिळ, रंगाला नुसता टेकव, मग रद्दी पेपरवर टिपून घे. भिंतीवरचा जास्तीचा रंग ओघळतो, छतावरचा तुझ्या तोंडावर येतो. म्हणून चष्मा आणि टोपी. नुसतं टेकवायचं, घासायचं नाही, आणि दर टेकीला मनगट फिरवायचं, नाहीतर एकच ठसा लायनीत उभा राहतो.

दोन घोड्या लाव, मध्ये फळी, आणि पंख्याचा मेन स्विच बंद. सुरुवात दारावरच्या कोपऱ्यातून, हात बसेपर्यंतचं कच्चं काम आत येणाऱ्याला दिसत नाही. हातभर जागा झाली की तिची कड विरळ सोड आणि पुढचं त्यातच मिसळ. अधूनमधून खाली उतरून पाहुणे बसतात तिथून वर बघ. छत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने करायचं, दुसऱ्याचा दाब वेगळा पडतो. कोपऱ्यात मोठा स्पंज कोंबू नको, छोटा तुकडा घे. मी तर चारी बाजूंनी टेप लावून दोन इंचांची पट्टी कोरीच सोडतो. हात वाकडा गेला तरी कळत नाही.

उरलेला रंग बाटलीत घट्ट बंद कर आणि वर शेडचा नंबर लिहून ठेव. पुढं कधी पंख्याची वायर बदलायला कोणी आला की हुकाजवळचा पापुद्रा हमखास निघतो.