खेळाडूंच्या अभ्यासाची नोकरी : कुणी करावी, कुणी करू नये

‘मला स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायचंय,’ असं मुलानं जाहीर केलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पुढे नोकरी नक्की कसली?’ प्रश्न रास्त आहे आणि ‘खेळात खूप स्कोप आहे’ हे त्याचं उत्तर नाही. खेळाच्या क्षेत्रात अनेक वेगवेगळे व्यवसाय आहेत. त्यातला अमेरिकेत पक्का रुजलेला, पण आपल्याकडे फारसा माहीत नसलेला एक व्यवसाय म्हणजे कॉलेजमधल्या खेळाडूंच्या अभ्यासाकडे लक्ष देणं. तिकडे एमएस किंवा एमएड करायला जाऊ पाहणाऱ्या काही मुलांना तो चांगला मानवेल. सगळ्यांना नाही.

हे काम अमेरिकेतच का?

अमेरिकेत बहुतेक खेळांतले उत्तम खेळाडू विद्यापीठांतून घडतात. एनसीएए या तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेत सुमारे अकराशे शिक्षणसंस्था आहेत आणि पाच लाखांहून जास्त विद्यार्थी-खेळाडू. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. सोमदेव देववर्मननं व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं.

या व्यवस्थेची अट अशी, की अभ्यासात पात्र असाल तरच मैदानात उतरता येतं. म्हणून पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या, विद्यापीठांना खेळाडूंसाठी शैक्षणिक समुपदेशन आणि शिकवणीची सोय ठेवणं बंधनकारक आहे. ही नोकरी तिथून जन्माला आली.

दिवसभर करायचं काय?

समजा, फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलाची दोन वर्षं पूर्ण झाली आहेत. पदवी १२० क्रेडिटची. एनसीएएची ‘४०-६०-८०’ची अट सांगते की तिसऱ्या वर्षाच्या आधी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याच्या आधी ६० आणि पाचव्याच्या आधी ८०. म्हणजे त्याच्याकडे ४८ क्रेडिट हवेत. त्याच्याकडे ५४ आहेत. पण आता त्याला शाखा बदलून इंजिनीअरिंग घ्यायचंय आणि जुन्या ५४ पैकी ३८च नव्या पदवीत धरले जातात. शाखा बदलली तर हंगाम बुडतो, नाही बदलली तर नको त्या पदवीवर समाधान मानावं लागतं. हा पेच त्याच्यासमोर बसून सोडवणं, उन्हाळी वर्गात कोणते विषय घेतले तर दहा क्रेडिट भरून निघतील याचा हिशेब मांडणं, हे ॲकॅडमिक ॲडव्हायझरचं खरं काम. खरं तर त्यानं हा पेच वर्षभर आधीच ओळखायला हवा.

बाकीचा वेळ वरकरणी कंटाळवाण्या कामांत जातो. सत्र सुरू होताना प्रत्येक विषयाचं वेळापत्रक घेऊन परीक्षांच्या तारखा सामन्यांच्या दौऱ्यांशी ताडून पाहायच्या. दौऱ्यामुळे तास बुडणार असतील तर प्राध्यापकांना आधी कळवायचं. सकाळी पोहण्याचा सराव करून आलेली मुलगी दुपारच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कशी पोहोचेल ते बघायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ठरलेले तास स्टडी हॉलमध्ये बसवायचं. हंगामात संघाचा सराव आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. पण प्रवास, व्यायामशाळेत स्वतःहून केलेला व्यायाम आणि दुखापतींवरचे उपचार धरले की खेळाडूचा दिवस त्याहून कितीतरी जास्त भरलेला असतो.

या विभागात इतरही पदं असतात. वाचन-लेखनात मागे असलेल्या किंवा अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांसोबत लर्निंग स्पेशालिस्ट काम करतो. ट्यूटर नेमणं आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणं हे वेगळं पद. पात्रतेचे नियम सांभाळणारा कंप्लायन्स विभाग वेगळा. खेळ संपल्यावर पुढे काय, याची तयारी करून घेणारेही असतात.

संघाच्या शैक्षणिक प्रगतीलाही गुण असतात. दर सत्राला खेळाडू पात्र राहिला तर एक गुण, विद्यापीठात टिकून राहिला तर दुसरा. हजारपैकी ९३०च्या खाली संघ गेला तर मोठ्या स्पर्धांना मुकावं लागू शकतं. कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ याच कारणानं २०१३च्या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. म्हणून या खात्यावर प्रशिक्षकांचं बारीक लक्ष असतं. दबावही त्यांचाच असतो.

लक्ष्मणरेषा

या व्यवसायातला मोठा धोका या दबावातच आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल आवारात १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, एक निबंध दिला की चांगले गुण. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. खेळाडूंना तिकडे वळवणाऱ्यांत त्यांचे समुपदेशकही होते. मिझुरी विद्यापीठात एका ट्यूटरनं बारा खेळाडूंचं काम स्वतःच करून दिलं. २०१९मध्ये फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या तीन संघांवर एक हंगाम अंतिम स्पर्धांची बंदी आली, आणि त्या ट्यूटरला दहा वर्षं या क्षेत्राची दारं जवळजवळ बंद झाली.

निबंधाचा आराखडा कसा करायचा हे शिकवणं मदत आहे. त्यातलं एक वाक्य लिहून देणं गुन्हा. शनिवारी सामना आहे आणि शुक्रवारी रात्री मुलगा रडकुंडीला आला आहे, अशा वेळी जो ‘हे तुलाच लिहावं लागेल’ असं प्रेमानं पण ठामपणे सांगू शकतो, त्यानं या वाटेला जावं. ज्याला नामवंत खेळाडूंच्या आसपास वावरायचंय, त्यानं मार्केटिंग किंवा प्रसिद्धीचं काम बघावं.

शिक्षण आणि शिरकाव

पूर्ण वेळेच्या पदासाठी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी मागतात किंवा तिला प्राधान्य देतात. विषय उच्चशिक्षण प्रशासन, समुपदेशन, स्पोर्ट्स मॅनेजमेंट यांपैकी कोणताही चालतो; लर्निंग स्पेशालिस्टसाठी विशेष शिक्षण जास्त उपयोगी. तुम्ही स्वतः राष्ट्रीय खेळाडू असण्याची गरज नाही.

खरा शिरकाव होतो तो ग्रॅज्युएट असिस्टंटशिपमधून. शिकता शिकता त्याच विभागात अर्धवेळ काम करायचं, त्या बदल्यात शुल्कात सवलत आणि थोडं मानधन. अशा जागा कमी आणि उमेदवार पुष्कळ. त्या मिळाल्या नाहीत तर ट्यूटर म्हणून सुरुवात करता येते. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, आणि गणित किंवा संख्याशास्त्र पक्कं असलेल्या मराठी मुलांना ही वाट सोपी आहे.

पालकांसाठी हिशेब

सुरुवातीचा पगार वर्षाला साधारण ४० ते ५५ हजार डॉलर. सॉफ्टवेअरच्या पगाराशी याची तुलना करू नका. काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीही असतं. शिक्षणानंतर कामाची मुभा बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी वाढीव दोन वर्षं या विषयांना सहसा मिळत नाहीत. जमेची बाजू अशी, की विद्यापीठांना एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागत नाही. पण परदेशी उमेदवारासाठी तो अर्ज करायचा की नाही, हे विद्यापीठ ठरवतं. नियम बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या वेळी अधिकृत संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

थोडक्यात, असिस्टंटशिप हातात नसताना निव्वळ या नोकरीच्या भरवशावर चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढू नये. आपल्या कॉलेजांत असं स्वतंत्र पद सहसा नसतं, त्यामुळे परत आल्यावर हीच नोकरी इथे मिळेल असंही धरू नये. समुपदेशनाची किंवा विशेष शिक्षणाची पदवी मात्र इथेही कामी येते. दोन्ही देशांत चालेल असा विषय निवडणं शहाणपणाचं.

आजपासून काय करता येईल?

हे काम आपल्याला जमतं का, ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. तुमच्याच वर्गात कुणी कबड्डीची, कुस्तीची, पोहण्याची राज्य पातळीवरची मुलं असतील. शिबिरामुळे त्यांचा महिनाभर अभ्यास बुडतो आणि परत आल्यावर कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स मिळते, तेवढीच मदत. त्यांतल्या एकाला सत्रभर हाताशी धरा. त्याचं वेळापत्रक बसवा, एक अवघड विषय शिकवा, पण एकही उत्तर लिहून देऊ नका. सत्र संपल्यावर तो स्वतःच्या बळावर पास झाला आणि तुम्हाला पुढच्या सत्रातही हे करावंसं वाटलं, तर अर्ज जरूर करा. पालकांनो, तोवर आपल्या मुलाला ‘स्वतःचा अभ्यास सोडून दुसऱ्याचं काय करतोस?’ असं म्हणू नका.