हदास्सा म्हणजे काय?



युवकांच्या बायबल वर्गात एका मुलीने विचारले, "फादर, यशयाच्या पुस्तकात मेंदी उगवेल असे लिहिले आहे. ही आपली हाताला लावायची मेंदीच का?" प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचे उत्तर सर्वांनाच सांगतो.

मूळ हिब्रू शब्द आहे 'हदास'. इंग्रजीत त्याला मर्टल म्हणतात. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणारे हे सदाहरित झुडूप. पाने लहान व चकचकीत, फुले पांढरी, फळे निळसर काळी. पान उजेडासमोर धरले तर त्यात तेलाचे बारीक ठिपके दिसतात, आणि चुरगाळले की सुगंध सुटतो. आपली जांभूळ, पेरू आणि लवंग याच कुळातली. मेंदीचे कूळ वेगळे. तिचे नाते डाळिंबाशी. पण हदासाला भारतात 'विलायती मेंदी' असेही नाव आहे. म्हणून काही मराठी भाषांतरांत 'मेंदी' हा शब्द आला. युनानी हकीम 'हब्बुल आस' म्हणून जी फळे देतात, ती याच झुडपाची.

पवित्र शास्त्रात हे झुडूप आनंदाच्या जागी भेटते. यशया सांगतो की काटेरी झुडपाच्या जागी हदास उगवेल (यशया 55:13). बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक मांडवांच्या सणासाठी डोंगरावरून त्याच्या फांद्या आणतात (नहेम्या 8:15). दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मराठवाड्याला या हिरव्या फांदीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच झाडावरून एका मुलीचे नाव पडले : हदास्सा. आईवडील वारलेल्या या मुलीला तिचा चुलत भाऊ मर्दखय याने वाढवले. राजवाड्यात मात्र ती एस्तेर म्हणून ओळखली गेली (एस्तेर 2:7). हे नाव काही अभ्यासक फारसीतील 'तारा' या शब्दाशी जोडतात, तर काही इश्तार देवीशी. म्हणजे घरचे नाव एक आणि बाहेरचे दुसरे.

सण आणि नावे गावोगाव बदलतात. एस्तेरची आठवण करणारा यहुदी सण म्हणजे पुरीम. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक त्याला 'होळीचा सण' म्हणत. नाव इथले झाले, पण आठवण एस्तेरचीच राहिली.

वर्ग संपल्यावर ती मुलगी थांबली. म्हणाली, "फादर, माझेही दोन नावे आहेत. बाप्तिस्म्याचे एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे. भाड्याने खोली शोधताना मी दुसरेच सांगते, आणि चर्चचे नावही काढत नाही. मी खोटे वागते का?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना नाव आणि वस्तू यांच्या नात्यावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. त्यातले काहीही त्या वेळी माझ्या कामी आले नाही. मी तिला एस्तेरचा दुसरा अध्याय वाचायला सांगितला, आणि मग सातवा. दुसऱ्या अध्यायात एस्तेर आपले कूळ सांगत नाही. मर्दखयानेच तिला तसे बजावले होते. शास्त्र तिला त्याबद्दल दोष देत नाही. पण तिच्या लोकांच्या जिवावर बेतले, तेव्हा तिने उपवास केला, ती न बोलावता राजापुढे गेली आणि शेवटी मी यांच्यातलीच आहे असे सांगितले. हदासाचे पान चुरगाळल्यावर सुगंध देते, तसेच हे.

दोन नावे असणे पाप नव्हे. भीतीने गप्प बसणाऱ्याला आपण हसू नये. मात्र कुणावर अन्याय होत असताना आपल्या बोलण्याने तो वाचणार असेल, तर त्या वेळी कोणत्या नावाने उभे राहायचे, हे प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावे.

उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात गुरुवारी मिस्सामध्ये एस्तेरची प्रार्थना वाचली जाते. तोवर थांबू नका. या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून तिचे पुस्तक वाचा. अध्याय थोडेच आहेत. आणि मुलांना त्यांच्या नावाचा अर्थ सांगा. ते नाव कुणी आणि का ठेवले, हेही सांगा.

तुमचा,
फादर