लेबल पाहून पॅच निवडू नकोस

पुणे, गुढीपाडवा

चि. सोनू हिस,


नव्या कामात रुळलीस हे वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. सर्व्हर सांभाळण्याचं काम करायला आता बंगळूरच गाठायला हवं असं राहिलेलं नाही. पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत जुलै २०२० मध्ये योट्टाचं ‘एनएम-१’ हे डेटा सेंटर सुरू झालं, ७,२०० रॅकच्या क्षमतेचं. तुझी कंपनी त्या मानाने छोटी असली तरी काम तेच आहे: लोक झोपलेले असताना त्यांची यंत्रं जागी ठेवायची.

तू विचारलेला प्रश्न मात्र छोटा नाही. तुमच्या फायरवॉलवर ओपनबीएसडी ही प्रणाली चालते. तिच्या दुरुस्त्यांच्या यादीत काही नोंदींवर ‘सिक्युरिटी फिक्स’ असं लिहिलेलं असतं, काहींवर ‘रिलायबिलिटी फिक्स’. यंत्र रीबूट करायची परवानगी मिळवणं जिकिरीचं, म्हणून सुरक्षेचे पॅच लगेच लावायचे आणि भरवशाचे पुढच्या देखभालीपर्यंत ठेवून द्यायचे, अशी तुमच्याकडे पद्धत आहे. ती बरोबर आहे का, असं तू विचारतेस.

ती बरोबर नाही, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा ओपनबीएसडीच्याच इतिहासात आहे.

ही प्रणाली थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीपासून वेगळी काढली. कॅनडातल्या कॅल्गरीहून तिचं काम चालतं. कोड ओळीनं ओळ तपासत राहायचा आणि दोष सापडला की तो उघडपणे सांगायचा, ही या मंडळींची ख्याती. प्रणाली जशी येते तशी बसवली तर बाहेरून आत शिरता येईल असं भोक दहा वर्षांत एकच सापडलं, असं त्यांच्या मुखपृष्ठावर अभिमानानं लिहिलेलं असे. फेब्रुवारी २००७ मध्ये कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी त्यांना कळवलं की, आयपीव्ही६ची विशिष्ट तऱ्हेनं तुकडे केलेली पाकिटं पाठवली की कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कोसळतो. दुरुस्ती काही दिवसांत तयार झाली. मार्चच्या सुरुवातीला ती जाहीर झाली तेव्हा तिच्यावर लेबल होतं ‘रिलायबिलिटी फिक्स’. यंत्र बंद पडतं, एवढंच नुकसान, असा समज होता. पण तोवर संशोधकांनी त्याच दोषातून कर्नलमध्ये स्वतःचा कोड चालवून दाखवला होता. मग लेबल बदललं, नोंद ‘सिक्युरिटी फिक्स’ झाली, आणि मुखपृष्ठावरच्या एकाची दोन भोकं झाली.

त्या काही दिवसांत पॅचमधली एक ओळही बदलली नव्हती. बदललं ते माणसांना त्याबद्दल असलेलं ज्ञान. ज्या कारभाऱ्याने ‘भरवशाचा’ पॅच आला त्याच दिवशी लावला तो सुटला. ज्याने लेबल वाचून तो बाजूला ठेवला, त्याचं यंत्र त्या दिवसांत उघडं राहिलं, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं.

असं होण्यामागे तांत्रिक कारण आहे. कर्नल कोसळतो तो बहुधा स्मृतीत नको तिथे लिहिलं किंवा वाचलं गेल्यामुळे. नको तिथे काय लिहिलं जावं हे बाहेरच्याला ठरवता आलं, की कोसळण्याचं रूपांतर घुसखोरीत होतं. हे ठरवता येतं की नाही, हे शोधायला चिकाटी आणि वेळ लागतो. पॅच लिहिणाऱ्याकडे तो वेळ नसतो, तो दोष बुजवून पुढच्या कामाला लागतो. हल्लेखोराकडे मात्र वेळ भरपूर असतो, आणि बुजवलेला दोष नेमका कुठे होता हे जाहीर झालेला पॅचच त्याला दाखवून देतो. म्हणून पॅच प्रसिद्ध झाल्यावर तो न लावणं हे तो निघण्याआधीच्या स्थितीपेक्षा वाईट.

उलट बाजूचं उदाहरण २०२४चं आहे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर एसएसएचने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असं दिसलं. तक्रार वेगाची होती, सुरक्षेची नव्हती. त्याने ती सोडून दिली नाही. माग काढत तो ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनापर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सांगितलं की त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला आहे. तो बसवणाऱ्याने टोपणनावाने मोठा काळ प्रामाणिकपणे काम करून मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता, आणि तो सांभाळकर्ता जवळजवळ एकट्याने, हौसेने ते साधन चालवत होता. यंत्र अडखळलं की ‘चालतंय ना’ म्हणून पुढे जाऊ नकोस. त्याची वेळेसह नोंद कर.

आता तुझ्या घराजवळची गोष्ट. कळंबोलीहून जाणारे कंटेनरचे ट्रेलर तू लहानपणापासून पाहिले आहेस. ते जिथे जातात त्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स हे टर्मिनल २७ जून २०१७ रोजी ठप्प झालं. ते डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सकडे होतं, आणि त्या दिवशी मर्स्कच्या जगभरच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ हा विषाणू शिरला होता. संगणकप्रणाली बंद, आणि टर्मिनलमध्ये हाताने काम रेटायची वेळ. पुढे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं की समूहाला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

तो हल्ला विंडोजवरचा होता, मुक्तस्रोत प्रणालीवरचा नाही. तरी त्यातले दोन धडे तुझ्या यंत्रांना लागू आहेत. पहिला सगळे सांगतात: विषाणू पसरण्याची एक वाट ज्या दोषातून जात होती, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे साडेतीन महिने आधी दिला होता. मे महिन्यात वॉनाक्राय या दुसऱ्या विषाणूने त्याच दोषातून जगभर हाहाकार माजवला, तरीही असंख्य यंत्रं तशीच राहिली. शिवाय नॉटपेट्या एका यंत्रातून पासवर्ड उचलून पॅच लावलेल्या शेजाऱ्यातही शिरत होता. म्हणजे नेटवर्कमधलं एक यंत्र मागे राहिलं तर बाकीच्यांनी केलेली मेहनत वाया जाऊ शकते.

दुसरा धडा कमी सांगितला जातो. नॉटपेट्या पहिल्यांदा आत आला तो एका अपडेटमधूनच. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरलं जाणारं ‘एमईडॉक’ हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा अपडेट सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. तेव्हा अपडेट आलं म्हणून डोळे मिटून ते घ्यायचं नसतं. ते खरंच त्याच लोकांकडून आलं का, हे यंत्राने पडताळलं पाहिजे. ओपनबीएसडीत त्यासाठी २०१४ पासून ‘सिग्निफाय’ हे साधन आहे. प्रत्येक पॅचवर सही असते, आणि पुढच्या आवृत्तीची सही तपासायची किल्ली आधीच्या आवृत्तीतच तुमच्या यंत्रावर आलेली असते. सही जुळत नाही असा संदेश आला, तर तो टाळून पुढे जाण्याची वाट शोधू नकोस. काम तिथेच थांबव आणि वरिष्ठांना उठव, पहाटेचे तीन वाजले असले तरी.

पॅच लावणं तसं आता पूर्वीइतकं कष्टाचं राहिलेलं नाही. एप्रिल २०१७च्या ६.१ आवृत्तीपासून ‘सिसपॅच’ आलं. त्याआधी मूळ कोड आणून, त्यावर पॅच चढवून, कर्नल स्वतः बांधावा लागे. आता एका आज्ञेने सही तपासली जाते, पॅच बसतो, आणि बिघडलंच तर शेवटचा पॅच मागेही घेता येतो. एक गोष्ट मात्र नवख्यांकडून हटकून राहते. कर्नलचा पॅच डिस्कवर बसतो, पण स्मृतीत जुनाच कर्नल चालत असतो. रीबूट होईपर्यंत यादीत ‘लावला’ असं दिसलं तरी दोष जिवंतच असतो. परवानगी मागताना हे वरिष्ठांना याच शब्दांत सांग.

पॅचमुळेच बिघाड झाला तर, हा तुमच्याकडच्या लोकांचा आक्षेप मात्र रास्त आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीने ते अपडेट दीड तासाच्या आत मागे घेतलं, पण तोवर ते सगळीकडे एकदमच पोचलं होतं.

आणि कधी कधी जुनी दुरुस्तीच पुसली जाते. एसएसएचने जोडणाऱ्याने ठराविक मुदतीत, सहसा १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही, तर सर्व्हर जोडणी तोडतो. ती तोडताना त्या क्षणी सुरक्षित नसलेली काही कामं केली जात, हा दोष २००६ मध्ये बुजवला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडची फेरमांडणी करताना ती दुरुस्ती चुकून निघून गेली. पुण्यात मोठं केंद्र असलेल्या क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी हे जाहीर केलं आणि दोषाला ‘रिग्रेशन’ या शब्दावरून नाव दिलं. ३२-बिटच्या लिनक्सवर सरासरी दहा हजार प्रयत्नांत, सहा ते आठ तासांत, घुसखोरी साधते असं त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. ओपनबीएसडी मात्र सुरक्षित होती. तिच्या मंडळींनी २००१ मध्येच नोंद लिहिण्याचं काम अशा अवघड क्षणीही सुरक्षित होईल असं साधन बनवून ठेवलं होतं. एका ओळीच्या दुरुस्तीवर विसंबण्याऐवजी त्या चुकीचं कुळच त्यांनी काढून टाकलं होतं.

म्हणून पॅच टाळू नकोस आणि सगळीकडे एकदमही लावू नकोस. तुमच्या फायरवॉल जोडीने चालतात, हे तुझं भाग्य. राखीव यंत्रावर आधी लाव, ते रीबूट कर, वाहतूक त्याच्याकडे वळव, एक दिवस लॉग पाहा, मग दुसऱ्याला हात लाव. ग्राहकाला खंड जाणवणारही नाही, आणि रीबूटच्या परवानगीचा तुझा निम्मा त्रास संपेल. हात लावण्यापूर्वी बॅकअप घे, आणि तो परत उभा करून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नकोस.

प्रत्येक यंत्राची वही ठेव: आवृत्ती कोणती, कोणते पॅच लागले, रीबूट कधी झालं, कोणी केलं. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. म्हणजे वर्षभर मागे राहिलेल्या यंत्रासाठी पॅचची यादी रिकामी दिसते ती यंत्र निरोगी असल्यामुळे नव्हे. आपल्याकडे आगोटीची कामं मिरग लागायच्या आत उरकतात, तसं आवृत्ती बदलण्याचं काम मुदत संपायच्या आधीच्या महिन्यात ठरवून टाक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे घुसखोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहा तास फार थोडे असतात. कोणाला, कुठल्या पत्त्यावर, काय कळवायचं हे आजच त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आणखी एक. ज्या नोंदी तू वाचतेस त्या लिहिणारी माणसं थोडी आहेत. जानेवारी २०१४ मध्ये ओपनबीएसडीला सर्व्हरचं वीजबिल भरण्यासाठी जगापुढे हात पसरावा लागला होता, आणि त्यांचं ओपनएसएसएच तेव्हाही जगभरचे सर्व्हर वापरत होते. कंपनीला वर्षाकाठी काही देणगी द्यायला सांग. तुझ्याकडे पैसे नसतील, पण निरीक्षण आहे. यंत्र कोसळलं तर त्याचा पूर्ण संदेश, हार्डवेअरची माहिती आणि ते पुन्हा कसं घडवता येईल हे नीट लिहून त्यांना पाठव. २००७चा तो पॅच अशाच एका कळवण्यातून निघाला होता.

वरिष्ठांशी बोलताना भांडू नकोस. त्यांच्यासमोर २००७ची नोंद ठेव आणि राखीव यंत्रापासून सुरुवात करायचा आराखडा दे. नवी आवृत्ती येत्या काही आठवड्यांत येईल, त्याआधी वहीतली यंत्रांची यादी मला पाठव. कोणती फायरवॉल आधी घ्यायची ते आपण रविवारी फोनवर बसून ठरवू. आईला नमस्कार सांग, आणि रात्रपाळीला जाताना डबा नेत जा.

तुझी,
मावशी