खाट स्वस्त असू दे, खिडकी उघडी हवी

दक्षिण अमेरिकेत पाठीवर सॅक टाकून फिरायला निघालात, की चोरांबद्दल सांगणारे शंभर जण भेटतात. मलाही भेटले. गॅस गीझरबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि जिवावर बेतलं ते त्यानेच.

बोलिव्हियातल्या ला पासला मी जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात पोहोचले. शहर सुमारे ३,६०० मीटर उंचीवर. विमानतळ त्याच्याही वर, एल आल्तोला, ४,००० मीटरच्या पुढे. समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने थेट तिथे उतरलं, की डोकं ठणकतं, मळमळतं, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. या त्रासाला तिथे सोरोचे म्हणतात. हॉस्टेलच्या मालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला आणि आराम करायला सांगितलं. आठ खाटांची खोली, तिला लागूनच बाथरूम, बाथरूमच्या भिंतीवर गॅसचा गीझर. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत कुणीतरी वर्तमानपत्र कोंबलं होतं. रात्री एकापाठोपाठ एक सगळ्यांच्या गरम पाण्याने अंघोळी झाल्या.

मध्यरात्रीनंतर डोकं असह्य दुखू लागलं. उठायला गेले तर पाय लटपटले. हा सोरोचेच, असंच सगळे धरून चाललो होतो. शेजारच्या खाटेवरची अर्जेंटिनाची मुलगी पेशाने परिचारिका होती. तिच्या लक्षात आलं, की कित्येक आठवडे ला पासमध्येच राहणारा एक मुलगाही डोकं धरून बसला आहे. उंचीची सवय झालेला माणूस एका रात्रीत उंचीने आजारी कसा पडेल? तिने खिडकी सताड उघडली, गीझर बंद केला आणि आम्हा सगळ्यांना ब्लँकेटांसकट अंगणात काढलं. सकाळी दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. त्या मुलीमुळे मी आज हे लिहिते आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने चिकटतो. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गॅस नीट जळत नाही आणि शरीराकडेही ऑक्सिजनची शिल्लक नसते. त्यात डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं सोरोचेसारखीच, म्हणून माणूस चहा पिऊन झोपून जातो. आपल्याकडेही बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. परक्या गावात ते आठवत नाही इतकंच.

म्हणून खोली आणि बाथरूम पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. गीझर गॅसचा असेल तर धूर थेट बाहेर नेणारी नळी आहे का, ज्योत निळी आहे का, ते बघा. ज्योत पिवळी किंवा भिंतीवर काजळी दिसली, की दुसरं हॉस्टेल गाठा, मग रात्र कितीही झालेली असो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मुठीएवढा असतो. सॅकमधला एक टी-शर्ट कमी करा, पण तो घ्या. आणि एका खोलीत दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका, आधी बाहेर पडा.

मळकी चादर, रात्रभरचा गोंगाट, गार पाणी हे सगळं सोसता येतं. तिथे पैसे जरूर वाचवा. कुलूप मात्र स्वतःचं न्या, कारण लॉकर असतो, कुलूप नसतं. शॉवरच्या तोंडालाच विजेचं हीटर जोडलेलं असेल तर पायात रबरी चपला हव्यात आणि ओल्या हाताने त्याला शिवू नका.

चोरांचं थोडक्यात सांगते. नव्या शहरात उजेडी पोहोचा. रात्रीच्या बसमध्ये पासपोर्टची पिशवी वरच्या फळीवर ठेवू नका, अंगावरच ठेवा. कपड्यांवर सॉस उडवून पुसायला धावून येणाऱ्यासाठी न थांबता चालत राहा. साध्या वेशातला कुणी पोलीस म्हणवून टॅक्सीत बसायला सांगू लागला तर बसू नका. चालत ठाण्यावर येते म्हणा. बोगोटाचा ला कांदेलारिया भाग दिवसा मन भरून पाहा, अंधारात तिथे एकट्याने पायी हिंडू नका. अनोळखी माणसाने दिलेलं पेय तर कुठेच नको, कोलंबियात स्कोपोलामिन मिसळून लुटण्याचे प्रकार घडतात.

कोकाची पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून आणू नका, भारतात तो गुन्हा आहे. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. पेरू, बोलिव्हिया, कोलंबिया, ब्राझील अशा देशांतून परतताना तिचं प्रमाणपत्र जवळ नसेल, तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ते कार्ड पासपोर्टच्याच पिशवीत ठेवा.