घराची वाळवी : सर्व घरास धुरी द्यावी कीं ठिकाणावर औषध घालावें ?

हिंगोली जिल्ह्यांतील जुन्या गांवठाणांत माळवदाचीं घरें अजून आढळतात. जाड मातीच्या भिंती, लांकडी खांब व तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी ह्या घरांची बांधणी असल्यामुळें वाळवीस पायापासून माथ्यापर्यंत माती व लांकूड सलग मिळत जातें. अशा घरांत वाळवी दिसली म्हणजे घरधनी दुहेरी विचारांत पडतो. घर बंद करून विषारी वायूची धुरी द्यावी, कीं जेथें ती दिसली तेथेंच औषध घालावें ? धान्याच्या किडीसाठीं असलेल्या गोळ्या खोलींत ठेविल्या कीं एका रात्रींत काम उरकेल, असें कित्येकांस वाटतें. ही समजूत प्राणावर बेतणारी आहे, सबब ह्या प्रश्नाचा विचार येथें करूं.

सबंध घरास धुरी देण्याची चाल मुख्यतः अमेरिकेंतील कॅलिफोर्निया व फ्लोरिडा ह्या राज्यांत आहे. तेथें घरावर तंबू घालून आंत सल्फ्युरिल फ्लोराइड हा वायू सोडतात. परंतु तो उपाय सुक्या लांकडांतच बिऱ्हाड करणाऱ्या वाळवीवरचा आहे. तिचें सारें कुटुंब लांकडाच्या आंत असतें, जमिनीशीं तिला कर्तव्य नसतें. म्हणून वायूनें ती समूळ मरते. मराठवाड्यांतील घरांस लागणारी वाळवी बहुतेक जमिनींत राहणारी. तिची राणी, पिलें व बुरशीच्या बागा जमिनीखालीं असतात, आणि घरांत येतात ते केवळ चारा नेणारे कामकरी. वायूनें हे कामकरी मरतील, पण जमिनीखालचें वारूळ तसेंच राहील. शिवाय वायू उडून गेल्यावर मागें कांहींच उरत नाहीं, म्हणून नवे कामकरी त्याच वाटेनें पुन्हां येतात.

तेव्हां प्रथम शत्रू ओळखावा. भिंतीवर किंवा खांबावर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती जमिनींतली वाळवी होय. एक नळी दोन बोटें मोडून ठेवावी. थोड्याच दिवसांत ती बुजविली गेली तर वाट चालू आहे असें समजावें. माती मुळींच नाहीं आणि लांकडाखालीं खसखशीसारखे कोरडे कण सांचतात, तर ती सुक्या लांकडांतली. ही जात समुद्रकांठच्या दमट हवेंत अधिक. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा पडत असेल तर ते काम भुंगेऱ्यांचें. त्यास वाळवीचें औषध करीत बसूं नये.

आतां त्या गोळ्यांविषयीं. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची तीन ग्रॅमची एक गोळी हवेंतील ओलाव्यानें सुमारें एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. ह्या विषावर उतारा नाहीं. माळवदाचें घर हवाबंद होणें अशक्य. तुळईच्या खोबणींतून व भिंतीच्या भेगांतून वायू शेजारच्या खोलींत, कधीं शेजाऱ्याच्या घरांतही, शिरतो आणि निजलेल्या माणसांस कळतही नाहीं. राहत्या घरांत ह्या गोळ्या वापरूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. ह्या धुरीचें काम नियमानेंही सरकारी वा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच व्हावयाचें असतें.

राहिला ठिकाणावरचा उपाय. तो खरा, पण लोक तो अर्धवट करितात. दिसणाऱ्या नळ्या झाडूनें पाडून वर रॉकेल फांसलें म्हणजे वाळवी हातभर बाजूस सरकते, इतकेंच. औषध जावयास हवें तें नळी जेथें जमिनींतून निघते तेथें. पक्क्या फरशीच्या घरांत फरशी व भिंत यांच्या सांध्यालगत १२ मिलिमीटर व्यासाचीं छिद्रें ३० सेंटिमीटर अंतरानें पाडून प्रत्येकांत सुमारें एक लिटर द्रावण सोडावयाचें, ही मान्य रीत आहे. द्रावणासाठीं ३०.५ टक्के इमिडाक्लोप्रिड दर लिटर पाण्यास २.१ मिलिलिटर घ्यावें. वाळवी एकाच खांबापुरती असेल तर तेवढ्या भोंवतीं पुरे. दोन-तीन खोल्यांत नळ्या दिसत असतील तर खर्च अधिक आला तरी घराच्या साऱ्या पायाभोंवतीं औषधाचें कुंपण करावें. येथें काटकसर महाग पडते. कच्च्या जमिनीच्या घरांत माणसें जमिनीवरच निजतात, म्हणून औषध शक्यतों बाहेरूनच, पायालगतच्या मातींत द्यावें. विहीर वा बोअर जवळ असल्यास त्या बाजूस मुळींच देऊं नये. हळदीचीं व बियाण्याचीं पोतीं आधीं हलवावीं, आणि हातांत मोजे असावेत. कोणाकडे आल्ड्रिनचा जुना डबा असेल तर तो उघडूं नये. त्या औषधास १९९६ सालापासून बंदी आहे.

आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. तुराट्या, पऱ्हाट्या व सरपण भिंतीस टेकून रचण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या ढिगाखालीं सावली, ओल व खाद्य हीं तिन्हीं वाळवीस एकत्र सांपडतात, आणि भिंत चढावयास शिडीही. औषध घालण्यापूर्वीं हा ढीग भिंतीपासून चार हात दूर न्यावा आणि माळवदाच्या पन्हाळीचें पाणी पायांत मुरत असल्यास तें बाहेर काढून द्यावें.