सुटीतील प्रवासचित्रे आणि परिसराचा इतिहास
(नमुनापाठ : इयत्ता चौथी व पाचवी; तासिका दोन)



सुटी संपून शाळा उघडली, की पहिल्या दिवशी आपण बहुतेक सर्वजण मुलांना एकच प्रश्न विचारतो : "सुटीत कोठे कोठे गेला होतात?" दोनचार हात वर होतात. कोणी रायगडाचे नाव घेतो, कोणी पंढरपूरचे, कोणी मामाच्या गावाचे. उरलेली मुले खाली पाहत राहतात. मग आपण "बरे, आता पुस्तके काढा" असे म्हणून नित्याच्या कामाला लागतो. प्रश्न चांगला असला, तरी तो अशा रीतीने विचारल्याने दोन तोटे होतात. ज्यांनी प्रवास केला, त्यांच्या प्रवासाचे ज्ञानात रूपांतर होत नाही. आणि ज्यांना तो घडला नाही, त्यांना विनाकारण कमीपणा येतो. हे दोन्ही तोटे टाळून त्याच प्रश्नातून इतिहासाचा एक सकस पाठ कसा उभा करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाठाकडे वळण्यापूर्वी मला माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका दुष्काळी भागातील शाळेत शिक्षक होतो. छायाचित्रे त्या वेळी दुकानातून रीळ धुऊन आणावी लागत. मी मुलांना घरातील प्रवासाची छायाचित्रे आणावयास सांगितले. अकरा मुलांनी ती आणली. वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात आणि तीही त्यांच्याबरोबर जाऊन चैत्रात परत येई. तिच्याजवळ अर्थातच छायाचित्र नव्हते. "तू मागे बसून नुसते पाहा," असे मी तिला सांगितले. अकरा मुलांनी आपापली चित्रे दाखविली. "हा मी, हा माझा भाऊ, मागे किल्ला." यापलीकडे कोणालाही काही सांगता आले नाही.

शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, माझ्याकडे फोटो नाही. पण मी एक दगड पाहिलाय." मी तिच्या हाती पाटी दिली. तिने उभ्या दगडाचे तीन भाग पाडले. खालच्या भागात तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्या मागे गाई काढल्या. मधल्या भागात त्याच माणसाला दोन बाजूंनी धरून नेणाऱ्या दोन स्त्रिया, वरच्या भागात महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस, आणि सर्वांत वर चंद्र व सूर्य. "आमच्या कोपीच्या मागं होता. आई त्याच्यावर कपडे वाळत घालायची," ती म्हणाली. तिने काढला होता तो वीरगळ होता. गावच्या गाईंचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या कोणा वीराचे ते स्मारक. दगडाची भाषा न शिकता तिने त्यातील एकही खूण सोडली नव्हती. ज्या मुलीला मी मागे बसविले, तिनेच त्या दिवशी वर्गातील सर्वांत उत्तम प्रवासवर्णन केले आणि ते ऐकावयास वर्ग हजर नव्हता!

ते चित्र मी माझ्या टाचणवहीत उतरवून घेतले. पुढील हंगामात ती निघाली, तेव्हा तिला एक कोरी वही दिली. चैत्रात ती परतली, तेव्हा वहीची बारा पाने भरली होती. परंतु तो दगड मात्र जागेवर नव्हता. बांध सपाट करताना तो कोठे गेला, हे तेथे कोणालाही सांगता आले नाही. आज त्या वीराची माझ्या माहितीतील एकमेव खूण म्हणजे एका लहान मुलीने पाटीवर काढलेल्या चित्राची माझ्या वहीतील नक्कल होय. या प्रसंगानंतर हा पाठ मी कधीही पूर्वीप्रमाणे घेतला नाही.

१. उद्देश

(अ) छायाचित्र हे केवळ आठवणीचे साधन नसून पुरावा आहे, हे मुलांच्या लक्षात आणून देणे. (आ) पाहिलेले, ऐकलेले व वाचलेले यांत भेद करण्याची सवय लावणे. (इ) आपल्या गावाचाही इतिहास आहे आणि तो जपणे आपल्या हाती आहे, ही जाणीव निर्माण करणे.

२. पूर्वतयारी

पाठाच्या आठ दिवस आधी मुलांना सूचना द्यावी. सूचनेचे शब्द महत्त्वाचे आहेत. "सुटीत कोठे गेलात?" असे न विचारता "गेल्या वर्षभरात तुम्ही पाहिलेली एक जुनी वस्तू किंवा जागा सांगा," असे म्हणावे. मग ऊसतोडीला, वीटभट्टीवर, मेंढरांमागे किंवा बाजाराला गेलेले मूलही समान पायरीवर येते. ज्याच्या घरी छायाचित्र असेल, त्याने ते आणावे. नसेल, त्याने चित्र काढावे. दोन्हींचे मोल वर्गात सारखेच राहील, हे शिक्षकाने स्पष्ट सांगावे आणि पाळावे.

आता बहुतेक छायाचित्रे मोबाईलमध्येच राहतात आणि तो बिघडला की नाहीशी होतात. म्हणून निवडक चित्रे साध्या कागदावर का होईना, छापून घ्यावीत. प्रत्येक चित्रामागे पुढील सहा नोंदींची चिठ्ठी चिकटवावी : (१) ठिकाण, गाव व तालुका, (२) दिनांक, (३) चित्र कोणी काढले, (४) चित्रात काय दिसते, (५) तेथील लोकांकडून काय ऐकले, (६) फलकावर किंवा पुस्तकात काय वाचले. नोंद नसलेले चित्र वीस वर्षांनी मुके होते.

३. हेतुकथन व विषयप्रतिपादन

नमुन्यादाखल जुन्नर तालुक्याची पाच चित्रे घेतली आहेत. शिक्षकांनी आपल्या तालुक्याची चित्रे घेऊन याच क्रमाने पाठ करावा.

पहिले चित्र : नाणेघाटाची वाट. दोन्ही बाजूंस उंच कडे आणि मधून चढणारी दगडी पायऱ्यांची अरुंद वाट.
प्रश्न : ही वाट कोठून कोठे जाते? (कोकणातून घाटावर.) प्रश्न : एवढ्या अवघड जागी वाट कशासाठी केली असेल?
येथे फळ्यावर नकाशा काढावा. खाली सोपारा व कल्याण ही बंदरे, मध्ये सह्याद्रीची भिंत, वर जुन्नर आणि पुढे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. बंदरात उतरलेला माल देशावर न्यावयाचा, तर या भिंतीत दार हवे. घाट हे ते दार होय. हे उत्तर शिक्षकाने सांगू नये. नकाशा पाहून मुलांनीच काढावे.

दुसरे चित्र : घाटमाथ्यावरील लेणे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतील अक्षरांच्या ओळी दिसतात. हा सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा प्राकृत भाषेतील लेख आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिच्याशी तो निगडित असून त्यात यज्ञांचा व त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, नाणी इत्यादी दानांचा उल्लेख आहे. दानांची मोजदाद आकड्यांत दिली आहे. भारतातील अगदी जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या आकड्यांची गणना होते. त्या पद्धतीत दहा, शंभर व हजार यांना निरनिराळी चिन्हे होती. शून्य वापरून स्थानावरून किंमत ठरविण्याची आपली रीत तीत नव्हती. येथे गणिताशी समवाय सहज साधतो. "शून्याशिवाय २४३ कसे लिहाल?" असे विचारून मुलांना स्वतःची चिन्हे बनवू द्यावीत.

याच लेण्याच्या मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पायांचे काही अवशेष आणि वरची नावे एवढेच उरले आहे. "चेहरे कोणी पाहिले असतील? ते आपल्याला का पाहता येत नाहीत?" असे विचारून वर्ग क्षणभर शांत राहू द्यावा. नोंद करून ठेवण्याचे महत्त्व या चित्राइतके दुसरे कशानेही पटत नाही.

तिसरे चित्र : दगडी रांजण. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. येथे जकात घेत व ती नाणी या रांजणात टाकीत, असे लोक सांगतात. नाणेघाट हे नावही त्यावरूनच पडले, असे म्हणतात. ही माहिती चिठ्ठीत कोणत्या नोंदीत जाईल? "ऐकले" या नोंदीत. रांजण दिसतो, हे "पाहिले". जकातीची हकीकत हे "ऐकले". ऐकलेले खोटे असते असे नव्हे. परंतु ते ऐकलेले म्हणूनच लिहावयाचे असते. हा भेद मुलांना एकदा उमगला, की इतिहासशिक्षणाचे निम्मे काम झाले असे समजावे.

चौथे चित्र : लेण्याद्री. कुकडी नदीच्या खोऱ्यातील हा लेणीसमूह मूळचा बौद्ध भिक्षूंचा. त्यांतील एका प्रशस्त विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे स्थान आहे. भिक्षूंच्या लहान लहान खोल्यांची दारे आजही दिसतात. एकच जागा निरनिराळ्या काळांतील लोकांनी आपापल्या श्रद्धेने वापरली आणि म्हणून ती टिकली, एवढे मुलांच्या ध्यानी आणावे.

पाचवे चित्र : शिवनेरीवरील पाण्याची टाकी. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म या गडावर झाला, हे मुलांना ठाऊक असते. म्हणून जन्मस्थानाच्या इमारतीपेक्षा खडकात खोदलेल्या टाक्यांचे चित्र दाखवावे. "गडावर पाणी नसते तर काय झाले असते?" या प्रश्नाची उत्तरे मुले हिरिरीने देतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. त्यांत शिवनेरी आहे, हेही येथे सांगावे.

वेळ उरल्यास याच तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीचे चित्र दाखवावे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही दुर्बीण बनली आहे. एके काळी जेथे बैलांच्या पाठीवरून माल येई, तेथे आज दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपल्या जातात. इतिहास संपलेला नसून चालू आहे, हे मुलांना यावरून कळते.

४. तुलना व निष्कर्ष

दुसऱ्या तासिकेत मुलांनी आपापली चित्रे भिंतीवर मांडावीत व जोडीजोडीने सांगावे. नंतर सर्व चित्रांत समान काय आहे, ते विचारावे. वाट, पाणी आणि निवारा या तीन गोष्टींपाशी माणसाच्या खुणा दाट सापडतात, हा निष्कर्ष मुलेच काढतील. तो त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावा.

५. उपयोजन

पाठ वर्गाबाहेर गेला, तरच तो पुरा झाला. प्रत्येक गटाला गावातील एक जागा नेमून द्यावी : वेस, पार, बारव, वीरगळ, सतीशिळा, देवळाच्या किंवा मशिदीच्या भिंतीवरील लेख, जुना घाट, पडका वाडा. शाळेचे जुने जनरल रजिस्टरही विसरू नये. कोणत्या साली किती मुली शाळेत आल्या, हाही गावाचा इतिहासच आहे.

नंतर दहा चित्रांचा एक संच नोंदींसह दुसऱ्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेस टपालाने पाठवावा आणि त्यांच्याकडून तसाच संच मागवावा. देशावरील मुलाला कोकणातील जांभ्या दगडाची विहीर पाहावयास मिळेल; कोकणातील मुलाला आपला काळ्या दगडाचा बारव. ज्याला प्रवासाचे भाडे परवडत नाही, त्याच्याकडे अशा रीतीने प्रवासच चालत येतो.

६. काही दक्षता

शिलालेख उठून दिसावा म्हणून त्यावर खडू, तेल किंवा पाणी लावू देऊ नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चित्र घेतल्यास अक्षरे आपोआप उठतात. आकार कळावा म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवावी. अजिंठ्यासारख्या ठिकाणी रंगचित्रांवर झोतदिव्याचा प्रकाश टाकण्यास मनाई आहे, ती पाळावी. माणसांचे चित्र त्यांच्या संमतीवाचून घेऊ नये व मुलांची चित्रे मोबाईलवरून इतरत्र पाठवू नयेत. कड्याच्या टोकाशी उभे राहून चित्र काढण्याचा मोह शिक्षकाने स्वतः टाळावा, म्हणजे मुलेही टाळतील. जमिनीत जुनी नाणी वा मूर्ती सापडल्यास ती घरी नेऊ देऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. म्हणून तलाठ्यास व ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावे.

आपणांपैकी प्रत्येकाने यंदा निदान एक संच तयार करून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावा, अशी माझी विनंती आहे. चित्रे सुबक नसली तरी चालतील. नोंदी मात्र खऱ्या असाव्यात. आणि पाठाच्या दिवशी जे मूल खाली पाहत बसलेले दिसेल, त्याला प्रथम बोलावे. त्याने पाहिलेला दगड कदाचित पुढच्या वर्षी जागेवर नसेल.