‘टू’ लावायचा की ‘इंग’?



सन २००० पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. शब्द पाठ होतात, पण वाक्य करायला घेतलं की सहावी-सातवीची मुलंसुद्धा एका जागी हमखास अडतात. एका क्रियापदानंतर दुसरं आलं, तर त्या दुसऱ्याच्या आधी ‘टू’ लावायचा की त्याच्या शेवटी ‘इंग’? ‘टू गो’ की ‘गोइंग’? पहिल्या रूपाला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड. नावं अवघड आहेत, ती तूर्त राहू द्या. वस्तू आपल्या ओळखीचीच आहे.

ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा. ‘ड्रायव्हर गढीला चहा प्यायला थांबला.’ ‘ड्रायव्हरनं चहा पिणं थांबवलं.’ पहिल्यात एस. टी. उभी राहिली आणि चहा झाला. दुसऱ्यात चहाच सुटला! इंग्रजीत पहिलं होतं ‘स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ आणि दुसरं ‘स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. म्हणजे आपलं ‘प्यायला’ ते ‘टू ड्रिंक’, आपलं ‘पिणं’ ते ‘ड्रिंकिंग’.

हा फरक किरकोळ समजू नका बरं का. आईवडील ऊसतोडीला गेले, की आजीच्या गोळ्यांच्या पाकिटातला कागद घरात तुम्हीच वाचणार. अंगावर पुरळ उठल्यास ‘स्टॉप टेकिंग’ असं त्यावर छापलेलं असेल, तर अर्थ ‘गोळी घेणं बंद करा’. ‘थांबून गोळी घ्या’ असा अर्थ लावला तर केवढा घोटाळा!

आता ‘रिमेंबर’ पाहा. ‘दार लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू क्लोज द डोअर’. दार अजून उघडंच आहे. ‘दार लावल्याचं मला आठवतंय’ म्हणजे ‘आय रिमेंबर क्लोजिंग द डोअर’. इथे काम होऊन गेलंय. यावरून एक खूण सापडते. ‘टू’ बहुधा पुढच्या, अजून न झालेल्या कामाकडे बोट दाखवतो. म्हणून वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, प्लॅन यांच्यानंतर ‘टू’. चालू असलेल्या किंवा झालेल्या कामाला ‘इंग’, म्हणून एन्जॉय, फिनिश, कीप यांच्यानंतर ‘इंग’. ‘सजेस्ट’ मात्र पुढचं काम सुचवूनही ‘इंग’च घेतो. तो सरळ पाठ करा.

मराठीवर डोळे झाकून विसंबू नका. ‘मला गोदावरीत पोहायला मजा येते’ म्हणून ‘एन्जॉय टू स्विम’ लिहाल तर चूक! तिथे ‘एन्जॉय स्विमिंग’च हवं. ‘लाइक’ला दोन्ही चालतात, तो भला माणूस आहे. ‘ॲट’, ‘विदाऊट’ यांच्यानंतर ‘इंग’ ठरलेलं: पोहण्यात तरबेज, ‘गुड ॲट स्विमिंग’, न जेवता, ‘विदाऊट ईटिंग’.

खालची वाक्ये वहीत इंग्रजीत करा. तिसऱ्यात मराठी रूप फसवं आहे, जपून.

१. आम्ही कापूस वेचणं संपवलं.
२. आजीनं राक्षसभुवनला जायचं ठरवलं.
३. पाऊस पडायचा थांबला.

उत्तरे (आधी पाहू नका): फिनिश्ड पिकिंग, डिसाइडेड टू गो, स्टॉप्ड रेनिंग.